मेंदूचा आलेख आणि तो वाचणारे

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. मिस्सा आटोपली होती. धानाच्या रोवणीचे दिवस असल्यामुळे मंडळी लगबगीने घराकडे निघाली होती. परंतु आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध आजी आपल्या नऊ वर्षांच्या नातीचा हात धरून चर्चच्या पायरीपाशी थांबून राहिली. बालाघाटच्या डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी तिने पदराच्या गाठीतून सोडवली व आमच्या हाती ठेवली. चिठ्ठीवर नागपूरला जाऊन करावयाच्या एका तपासणीचे नाव होते. नाव कसले, तीन अक्षरेच: ई. ई. जी.

"फादर," आजी हळूच म्हणाली, "पोरीच्या डोक्याले करंट लावतेत म्हन्ते. खरं हाय का जी?"

वाचकहो, आम्हांला उत्तर देता आले नाही. सेमिनरीत तर्कशास्त्र शिकलो, तत्त्वज्ञान शिकलो, मनुष्याच्या आत्म्याविषयी मोठमोठे ग्रंथ वाचले. परंतु त्याच्या मेंदूतून निघणारा हा आलेख काय असतो, हे एका आजीला समजेल अशा शब्दांत सांगण्याइतके ज्ञान आमच्यापाशी नव्हते. "आम्ही तुमच्याबरोबर येतो," एवढेच आम्ही म्हणालो.

त्या मुलीचे दुखणे असे होते. बोलता बोलता ती मध्येच थांबे. डोळे एका जागी खिळत, पापण्या किंचित फडफडत, आणि आठ-दहा सेकंदांत ती पुन्हा पूर्ववत होई. दिवसातून असे कितीतरी वेळा घडे. शाळेत गुरुजी म्हणत, "लक्ष देत नाही." शेजारीपाजारी म्हणत, "बाहेरची बाधा आहे." झाडफूक करणाऱ्याकडे नेऊन झाले होते, गळ्यात ताईतही आला होता. मुलगी बिचारी दोन्ही बाजूंनी बोल खात होती.

एका डॉक्टराची तार

बालाघाटहून गोंदियास व तेथून गाडी बदलून नागपूरला जाताना वेळ पुष्कळ मिळतो. त्या प्रवासात आम्ही या तपासणीचा इतिहास वाचून काढला. तो कादंबरीपेक्षा कमी रंजक नाही.

मेंदूत विद्युतप्रवाह असतात, हे प्रथम इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी १८७५ साली सांगितले. सशांच्या व माकडांच्या उघड्या मेंदूवर त्यांनी ते मोजले होते. मनुष्याच्या मेंदूचे प्रवाह कवटीबाहेरून टिपण्याचे श्रेय मात्र जर्मनीतील येना शहराच्या हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाचे. तरुणपणी सैन्यात असताना ते एकदा घोड्यावरून तोफगाड्याच्या पुढ्यात पडले. गाडा वेळीच थांबला म्हणून वाचले. त्याच दिवशी दूर घरी असलेल्या त्यांच्या बहिणीला "भाऊ संकटात आहे" असे तीव्रतेने वाटले, आणि तिच्या आग्रहावरून वडिलांनी तार केली. बर्गर यांनी तेव्हापासून ध्यास घेतला की, एका मनातून दुसऱ्या मनात जाणारी ही शक्ती शोधून काढावयाची.

ती शक्ती त्यांना कधीच सापडली नाही. पण शोधता शोधता दुसरेच काही हाती लागले. १९२४ साली, शस्त्रक्रियेमुळे कवटीच्या हाडाचा भाग निघालेल्या एका १७ वर्षांच्या तरुणाच्या डोक्यावर त्यांनी पहिली लहर टिपली. पुढे पाच वर्षे त्यांनी हे काम जवळजवळ गुप्त ठेवले. खात्री पटावी म्हणून स्वतःच्या मुलाच्या डोक्यावरही प्रयोग केले आणि १९२९ साली पहिला निबंध प्रसिद्ध केला. विद्वानांचा विश्वास बसेना. अखेर १९३४ साली केंब्रिज येथे नोबेल पारितोषिकाचे मानकरी एड्रियन व त्यांचे सहकारी मॅथ्यूज यांनी तीच लहर उघडपणे दाखवली. त्या वेळी एड्रियन यांचेच डोके प्रयोगासाठी वापरले होते. डोळे मिटले की लहर येई, उघडले की जाई. दुसऱ्याच वर्षी बोस्टनमध्ये गिब्ज, डेव्हिस व लेनॉक्स यांनी लहान मुलांच्या एका विशिष्ट अपस्मारात उमटणारी दर सेकंदाला तीन वेळा येणारी आकृती दाखवून दिली. आमच्या आजीच्या नातीचे कोडे याच आकृतीत दडलेले होते, हे आम्हांला पुढे कळणार होते.

आपल्या देशात या विद्येची पायाभरणी स्वातंत्र्यानंतर झाली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ साली मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. १९५१ साली त्यांनी व डॉ. बलदेव सिंग, डॉ. बी. राममूर्ती आणि डॉ. एस. टी. नरसिंहन या चौघांनी मिळून न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९५७ सालापासून डॉ. नोशीर वाडिया यांनी मज्जाविकारांचा विभाग उभा केला. आज गोंदिया-बालाघाटकडचा रुग्ण नागपुरात एका दिवसात ही तपासणी करून परतू शकतो, त्यामागे एवढी परंपरा आहे.

डोके मोजण्याची विद्या

नागपूरच्या ज्या रुग्णालयात आम्ही गेलो, तेथे आलेख काढणारी तंत्रज्ञ एक तरुणी होती. ती आमच्याच जिल्ह्यातील, वारासिवनीकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी. दक्षिणेत दोन वर्षे राहून तिने हे शिक्षण घेतले होते. आम्ही बालाघाटचे म्हणताच तिने आम्हांला खोलीत बसण्याची डॉक्टरांकडून परवानगी मिळवली आणि काम करता करता सारे समजावून सांगितले.

"आजी, आम्ही डोक्यात काही सोडत नाही," तिने प्रथम आजीची भीती दूर केली. "डोक्यातून जे आपोआप येतं, तेवढंच ऐकतो. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात ना, तसंच."

आणि ते ऐकणेही किती सूक्ष्म! टॉर्चमधील साधा सेल दीड व्होल्टचा असतो. डोक्याच्या कातडीवर मिळणारी लहर पन्नास मायक्रोव्होल्टच्या आसपास, म्हणजे त्या सेलच्या तीस हजाराव्या हिश्श्याएवढी. यंत्र तिला हजारो पटींनी मोठी करते तेव्हा कोठे ती पडद्यावर दिसते. म्हणून डोक्याला तेल लावून आलेले चालत नाही. तेलाचा थर त्या क्षीण लहरीला अडवतो. आदल्या रात्री केस धुऊन कोरडे करून यावे, पोटभर जेवून यावे आणि नेहमीचे औषध डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज बंद करू नये, ही सूचना ती प्रत्येकाला देते. जागरण करून यायचे की नाही, हेही डॉक्टरच सांगतात.

मग तिने फीत काढली व मुलीचे डोके मोजावयास आरंभ केला. आम्हांला वाटले होते, तारा अंदाजाने चिकटवतात. पण तसे नाही. नाकाच्या मुळाशी जो खोलगट भाग असतो तेथपासून डोक्यामागील हाडाच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर घ्यावयाचे. ते ३६ सेंटिमीटर भरले, तर पहिली खूण दहा टक्क्यांवर म्हणजे ३.६ सेंटिमीटरवर, पुढच्या चार खुणा प्रत्येकी वीस टक्क्यांवर म्हणजे ७.२ सेंटिमीटरवर, आणि शेवटी पुन्हा ३.६ उरावयास हवे. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतही तसेच. दहा आणि वीस टक्क्यांच्या या पद्धतीला "टेन-ट्वेंटी" म्हणतात. कॅनडाचे हर्बर्ट जॅस्पर यांनी ती १९५८ साली मांडली आणि आज ती जगभर चालते. डोक्यावर १९ व कानांवर २ अशा २१ जागा होतात. डाव्या बाजूला विषम आकडे, उजव्या बाजूला सम. त्यामुळे नागपुरात काढलेला आलेख मुंबईचा किंवा लंडनचा डॉक्टरही वाचू शकतो.

"शिकताना पहिले काही महिने मी फक्त डोकीच मोजली, फादर," ती हसून म्हणाली. "एक तार बोटभर सरकली तर डाव्या-उजव्या बाजूंत खोटाच फरक दिसतो आणि डॉक्टर नसलेला आजार शोधत बसतात."

प्रत्येक खुणेवरची कातडी तिने हलकेच घासून स्वच्छ केली, चिकट मलम लावले व लहानशी वाटीसारखी चकती बसवली. चकती नीट बसली की नाही हे यंत्र आकड्यांत सांगते. अडथळा पाच हजार ओहमच्या आत आला नाही, तर ती पुन्हा बसवावयाची. या साऱ्याला जवळजवळ अर्धा तास गेला.

पुढे मोठ्या श्वासांची परीक्षा होती. तीन मिनिटे खोल व जलद श्वास घेतल्याने काही मुलांत लपलेला झटका प्रकट होतो. परंतु त्याआधी तिने आजीला एक प्रश्न विचारला, तो आम्ही विसरणार नाही: "घरात कोणाला सिकल सेलचा आजार आहे का?" आपल्या या भागात सिकल सेल पुष्कळ घरांत आढळतो. राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ २०२३ साली आपल्याच राज्यातील शहडोल येथून झाला, तो उगाच नव्हे. या आजाराच्या रुग्णाला जोराने श्वास घ्यावयास लावले तर मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होण्याचा धोका असतो. म्हणून अशा रुग्णांवर, तसेच नुकताच पक्षाघात झालेल्यांवर किंवा हृदयाचा वा फुप्फुसाचा गंभीर विकार असलेल्यांवर ही परीक्षा करीत नाहीत. आमच्या आजीच्या घरी सर्वांची रक्ततपासणी झालेली होती व कोणासही तो आजार नव्हता. तंत्रज्ञाने विचारले नाही, तरी तुम्ही आपण होऊन सांगा.

मुलीच्या हातात कागदाचे भिरभिरे देण्यात आले. "हे थांबू द्यायचं नाही हं, बाळ." मुलगी आनंदाने फुंकू लागली. दुसरे मिनिट चालू असता भिरभिरे एकाएकी थांबले. मुलीचे डोळे स्थिर झाले. त्याच क्षणी पडद्यावरील शांत रेघा उसळल्या. टोक, मागे गोल लाट, पुन्हा टोक, पुन्हा गोल लाट, दर सेकंदाला तीन, डोक्याच्या दोन्ही बाजूंस सारख्याच. तंत्रज्ञ शांत स्वरात म्हणाली, "बैल." नऊ सेकंदांनी रेघा पूर्ववत झाल्या आणि मुलगी जणू काही घडलेच नाही अशी पुन्हा फुंकू लागली. तपासणी संपल्यावर तिला विचारले, "मघाशी मी कोणता शब्द सांगितला?" मुलीने नकारार्थी मान हलवली. तो शब्द तिच्या कानी पडला होता, पण तिच्यापर्यंत पोचला नव्हता. शाळेतील गुरुजींचेही कितीतरी शब्द असेच तिच्यापर्यंत पोचले नव्हते. दोष लक्षाचा नव्हता, बाधेचा तर नव्हताच.

वाचण्याची विद्या

आलेख काढणे हे अर्धे काम. तो वाचणे हे दुसरे अर्धे, आणि ते अधिक अवघड. पूर्वी हा आलेख कागदावर निघे, सेकंदाला ३० मिलिमीटर या वेगाने. वीस मिनिटांचा कागद ३६ मीटर लांब भरे! आता संगणकाच्या पडद्यावर दहा-दहा सेकंदांची पाने उलटतात, वीस मिनिटांची १२० पाने. मज्जाविकारतज्ज्ञ होऊ इच्छिणाऱ्या तरुण डॉक्टरांना अशी हजारो पाने वडीलधाऱ्या तज्ज्ञाशेजारी बसून वाचावी लागतात.

त्या दिवशी डॉक्टर आपल्या विद्यार्थ्यांना शिकवीत होते, तेव्हा आम्हीही मागे बसलो. त्यांचा पहिला धडा असा की, आजार ओळखावयाचा असेल तर आधी आरोग्य ओळखा. मोठ्या माणसाने जागेपणी शांत डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ लहरी येतात. वर्षाच्या मुलात त्या सहाच्या आसपास, तीन वर्षांच्या मुलात आठच्या आसपास असतात. म्हणून वय विचारल्यावाचून आलेख वाचणे म्हणजे ऋतू विचारल्यावाचून नदीचा पूर मोजणे होय. डुलकी लागली की लहरी बदलतात. झोप लागली की डोक्याच्या माथ्यावर टोकदार लहरी आणि चातीच्या आकाराचे लहरींचे झुबके येतात. नवख्याला ही सारी टोके आजाराचीच वाटतात.

दुसरा धडा खोट्या लहरींचा. पापणी लवली की पुढच्या तारांत मोठी लाट येते, कारण डोळा स्वतःच लहानशा सेलसारखा असतो. दात आवळले, घाम आला, मानेखालची नाडी उडाली, जवळ मोबाईल चार्जरला लावला, तरी आलेखात काही ना काही उमटते. म्हणूनच तंत्रज्ञ प्रत्येक क्षणाची नोंद करते: आता खोकली, आता हात हलवला. ती नोंद नसेल, तर वाचणारा डॉक्टर आंधळा होतो.

तिसरा धडा जागा शोधण्याचा. पडद्यावरील प्रत्येक रेघ ही दोन शेजारच्या जागांमधला फरक दाखवते. डॉक्टर म्हणाले, "धानाच्या बांध्या डोळ्यांसमोर आणा. एका बांधीतून पुढच्या बांधीत पाणी कोणत्या दिशेने उतरते तेवढेच पाहत चला. जिथे उताराची दिशा उलटते, तिथे सर्वांत उंच बांधी आहे." तसेच ज्या तारेपाशी दोन रेघांची टोके समोरासमोर येतात, तेथे झटक्याचा उगम असावा, असे अनुमान करतात.

आणि चौथा धडा, जो आम्ही वहीत अधोरेखित केला. अपस्माराच्या मोठ्या माणसांपैकी सुमारे निम्म्यांचा पहिला आलेख निर्दोष निघतो. कारण वीस-तीस मिनिटांच्या त्या अवधीत मेंदू शांत असू शकतो. उलट, ज्यांना आयुष्यात कधी झटका आला नाही अशा निरोगी मुलांतही शंभरात तीन-चार जणांच्या आलेखात टोकदार लहरी सापडतात. अर्थात कागद निर्दोष निघाला म्हणजे आजार नाही असे नव्हे, आणि कागद सदोष निघाला म्हणजे आजार आहेच असेही नव्हे. शिवाय या आलेखात मेंदूचे काम दिसते, मेंदूचे छायाचित्र नव्हे. गाठ किंवा जंतांच्या अंड्यांमुळे झालेली इजा पाहावयाची, तर स्कॅन लागतो.

"मग आजार ठरवता कशावरून?" आम्ही विचारले.

"ज्याने झटका पाहिला त्याच्या सांगण्यावरून," डॉक्टर म्हणाले. "आलेख हा दुसरा साक्षीदार. पहिला साक्षीदार घरातला माणूस."

आमच्याकडून झालेली चूक

हे वाक्य ऐकले आणि आम्हांला पाच वर्षांपूर्वीचा उत्तम शुक्रवार आठवला.

आमच्या धर्मग्रामात पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. वेदीसेवक, चपळ, सायकलवरून गावोगाव फिरणारा. त्या दिवशी उपवास होता, ऊन कडक होते आणि क्रूसाच्या वाटेच्या मिरवणुकीत तो बराच वेळ आमच्या शेजारी मेणबत्ती धरून उभा होता. "फादर, डोळ्यांपुढे अंधारी येते," असे तो म्हणाला. चेहरा पांढराफटक पडला, कपाळावर घाम डवरला आणि तो हळूच खाली कोसळला. हात दोन-तीनदा झटकले गेले. अर्ध्या मिनिटात त्याने आम्हांला ओळखले व पाणी मागितले. हे सारे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले.

घरच्यांनी त्याला एका रुग्णालयात नेले. आलेख निघाला. अहवालात डाव्या कानशिलापाशी टोकदार लहरी आढळल्याचे लिहिले होते, आणि त्यावरून मिरगीचे निदान झाले. चार वर्षे गोळ्या. मुलगा सुस्त झाला, दहावीत मागे पडला, सायकल बंद झाली. आम्हीही, पेटती मेणबत्ती घेऊन तो पडेल या भीतीने, त्याला वेदीसेवेतून काढले. हेतू चांगला होता. पण त्या दिवसापासून तो चर्चच्या शेवटच्या बाकावर बसू लागला, हे आम्ही पाहत होतो.

तो कसा पडला, हे आम्हांला कोणीही विचारले नाही. आणि आम्हीही कोणाला सांगितले नाही. यंत्राने सांगितल्यावर पाद्र्याने काय सांगावयाचे, असे आम्हांला वाटले.

त्या दिवशी नागपुरात डॉक्टरांनी विद्यार्थ्यांना एका निरोगी तरुणाचा आलेख दाखवला. डुलकी लागताना कानशिलापाशी सेकंदाला पाच-सहा टोकदार लहरी एका लयीत येत होत्या. "ही मिरगी नाही," ते म्हणाले. "तरुण वयातली निरुपद्रवी लहर आहे. हिला मिरगी म्हणून कित्येकांना उगाच औषध दिले गेले आहे." आम्ही तेथेच उठून त्यांना त्या मुलाची हकीकत सांगितली.

महिन्याभरात मुलगा व त्याचे वडील जुनी फाईल घेऊन नागपुरास गेले. आम्हीही गेलो. डॉक्टरांनी आधी आलेख उघडलाच नाही. त्यांनी आम्हांला बसवून विचारले: पडण्याआधी काय म्हणाला? रंग पांढरा पडला की निळा? अंग ताठ झाले की सैल? जीभ चावली होती का? शुद्धीवर किती वेळात आला, आणि आल्यावर गोंधळलेला होता की तुम्हांला ओळखले? एकेका उत्तराबरोबर त्यांची मान हलत होती. मग त्यांनी जुना आलेख पाहिला. ती तीच निरुपद्रवी लहर होती. हृदयाचा आलेखही काढून पाहिला, तो निर्दोष निघाला. मुलाला आली होती ती साधी घेरी. उपवासाने, उन्हाने व उभे राहण्याने आलेली. घेरीतही हातपाय क्षणभर झटकले जातात, हे आम्हांला त्या दिवशी कळले. औषध त्यांनी एकदम थांबवले नाही. महिने लावून, देखरेखीखाली कमी करीत बंद केले. वाचकांनी हे नीट ध्यानात घ्यावे: मिरगीचे औषध आपल्या मनाने एकाएकी थांबवणे जिवावर बेतू शकते.

परतीच्या गाडीत आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली. तो म्हणाला, "फादर, मेणबत्ती पुन्हा द्याल ना?" आम्ही दिली.

समाजाचे वाचन

आलेख चुकीचा वाचला गेला तर तो दुरुस्त करता येतो. समाजाने चुकीचे वाचले तर पिढ्या जातात. आपल्या देशात १९७६ सालच्या दुरुस्तीने अपस्मार हा हिंदू विवाहास अडथळा ठरवला गेला होता. तो शब्द कायद्यातून निघावयास १९९९ साल उजाडले. आम्ही ख्रिस्ती लोकांनी यावर नाक मुरडू नये. आपल्या धर्मसभेच्या १९१७ च्या धर्मसंहितेत अपस्मार असलेल्या किंवा पूर्वी होऊन गेलेल्या पुरुषाला याजकपदाची दीक्षा घेण्यास अडथळा होता, आणि त्याला वेडाच्या व भूतबाधेच्या पंगतीस बसवले होते. १९८३ च्या संहितेत अपस्माराचा तो उल्लेख राहिलेला नाही. जे धर्मसभेला उमगले, ते आपल्या गावातील लग्नाच्या बैठकीतही उमगावयास हवे. जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा विकार आहे. योग्य निदान व उपचार मिळाले, तर त्यांतील सत्तर टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांवाचून जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

घरातल्या माणसाने काय करावे? झटका आला की रुग्णाला कुशीवर वळवावे, मानेभोवतीचे कपडे सैल करावेत, आसपासच्या टणक वस्तू दूर साराव्यात. तोंडात चमचा घालू नये, पाणी ओतू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. घड्याळ पाहावे, पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर त्वरित रुग्णालय गाठावे. आणि नीट पाहावे: प्रथम काय झाले, डोळे व मान कोणत्या बाजूला वळली, रंग कसा झाला, शुद्ध कशी आली. दुसरा माणूस जवळ असेल, तर त्याने मोबाईलवर चित्रण करून ठेवावे. डॉक्टरांना ते फार उपयोगी पडते. रुळावरचे रुग्णालय म्हणून १९९१ पासून देशभर फिरलेल्या जीवनरेखा एक्सप्रेसवर दिल्लीच्या एम्समधील डॉ. ममता भूषण सिंह यांनी अपस्माराची शिबिरे घेतली. तेथेही निदानाचा मोठा आधार होता तो घरच्यांच्या सांगण्याचाच.

आणखी एक गोष्ट आईबापांसाठी. विज्ञान शाखेकडे ओढा असलेल्या आपल्या मुलामुलींना डॉक्टर व नर्स यांखेरीजही वाटा आहेत. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत मज्जातंत्रज्ञानाचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे. बंगळुरूच्या निमहान्समध्ये व वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही अशा शिक्षणाची सोय आहे. प्रवेशाच्या अटी संस्थेगणिक निराळ्या असतात, त्या आधी विचारून घ्याव्यात. वारासिवनीकडील शेतकऱ्याची मुलगी जे शिकली, ते तुमचीही मुलगी शिकू शकेल. या कामाला चार गोष्टी लागतात: स्थिर हात, धीर, घाबरलेल्या माणसाशी गोड बोलणे, आणि जे दिसले नाही ते न लिहिण्याचा प्रामाणिकपणा.

आजीच्या नातीला औषध सुरू होऊन आता वर्ष होत आले. झटके थांबले आहेत. गुरुजींना आम्ही स्वतः जाऊन सारे सांगितले. त्यांनी तिला पुढच्या बाकावर बसवले आहे. ताईत आजीनेच एके दिवशी काढून ठेवला.

परवाच्या रविवारी पायरीवर पुन्हा एक आई चिठ्ठी घेऊन उभी होती. तिच्या बाळाला पहाटे झटके येतात. तिने तोच प्रश्न विचारला. आम्ही तोंड उघडण्याआधीच आजी मागून पुढे आली.

"करंट नाही लावत बाई," ती म्हणाली. "आयकतेत निस्ते. केसाले तेल नको लावू. आन् पोराले कसं झालं, ते समदं ध्यानात ठेवून डॉक्टरले सांग."

याहून अधिक काही सांगण्यासारखे आमच्यापाशी नव्हते. आम्ही त्या आईच्या गाडीची वेळ तेवढी विचारून घेतली.